कंबरेसाठी गादी घ्यायचीय, मेडिक्लेमवाले पैसे देतात का?

पूर्णाकाठ (परभणी)

मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण विचारतोच.

वय ४६, पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्ची. काही वर्षांपासून कंबर धरते. सकाळी उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग पलंगाचा काठ धरायचा, असा सगळा कार्यक्रम. नांदेडला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. एल फोर-एल फाईव्हमध्ये डिस्क थोडी बाहेर आलीय, पण ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला आणि चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं, 'कडक गादी वापरणे'.

ती चिठ्ठी घेऊन गादीच्या दुकानात गेलो. ऑर्थोपेडिक म्हणून त्यानं जी दाखवली ती डबल बेडची २८ हजाराला. माझं तोंड बघून सेल्समन म्हणतो, "सर, डॉक्टरची चिठ्ठी आहे ना? मेडिक्लेमला लावून टाका, मिळतात पैसे." घरी आलो तर बायकोनं यूट्यूबवर एक व्हिडिओ काढून दाखवला. त्यातली बाईही तेच सांगते, डॉक्टरचं पत्र जोडा, विमा कंपनी गादीचे पैसे देते.

आमची चौघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी आहे. इतकी वर्षं हप्ता भरला, क्लेम एकही नाही. हेल्पलाइनला फोन लावला तर समोरची मुलगी म्हणते, "बिल अपलोड करा, आमची टीम बघेल." म्हणजे मी आधी २८ हजार घालायचे आणि मग टीम बघणार!

कुणाला खरंच मिळालेत का? मिळाले असतील तर कागद काय काय लावले?


हप्तेवाले_काका (जालना)

नाही मिळणार. सरळ सांगतो, म्हणजे तुमचे २८ हजार आणि तुमची झोप दोन्ही वाचेल. मी विम्याचंच काम करतो.

आपली नेहमीची मेडिक्लेम ही दवाखान्यात भरती झाल्यावर होणाऱ्या खर्चाची असते. किमान २४ तास भरती, नाहीतर डे-केअरमध्ये, म्हणजे करून त्याच दिवशी घरी सोडतात त्यात, बसणारी प्रोसिजर. त्याला जोडून भरतीच्या आधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस, जसं पॉलिसीत लिहिलं असेल तसं, तेही त्याच आजाराच्या तपासण्या-औषधांचे. घरी वापरायची वस्तू यात कुठंच येत नाही. चिठ्ठी कितीही मोठ्या डॉक्टरची असो.

दुसरं म्हणजे आयआरडीएआयनं, म्हणजे विमा नियामकानं, न मिळणाऱ्या वस्तूंची यादीच करून ठेवलीय. ६८ वस्तू आहेत. पॉलिसीच्या पुस्तिकेत अगदी शेवटी छापलेली असते, तिथवर कुणी जात नाही. त्यात कंबरेचा पट्टा आहे, मानेचा पट्टा आहे, गुडघ्याचा ब्रेस, वॉकर, डायपर, थर्मामीटर, क्रेप बँडेज आहे. आणि वॉटर बेड-एअर बेडचं भाडंही आहे. दवाखान्यात पेशंटच्या अंगाखाली घातलेल्या एअर बेडचे पैसे जिथं कापतात, तिथं घरच्या गादीचे कोण देणार?

कंपनीच्या बाजूनं बघितलं तरी कळतं. गादीवर तुम्ही एकटे झोपणार नाही, ती दहा वर्षं चालणार, पाहुणा आला की त्यालाही देणार. यातला उपचार कुठला आणि संसार कुठला, हे कोण ठरवणार?

'टीम बघेल' याचा अर्थ टीम नाही म्हणेल. त्या पोरीला बिचारीला नाही म्हणायची परवानगी नसते.


पूर्णाकाठ (परभणी)

काका, धन्यवाद. मग तो व्हिडिओ? त्यात बाई चांगली शिकलेली वाटत होती. हिंदीत बोलत होती, पण मधूनमधून इंग्रजी शब्द जास्त.


लातूरची_डॅलसवाली

दादा, मी तो व्हिडिओ बघितला नाही, पण ऐकून वाटतंय की तो इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या माहितीवरून केलेला आहे. आणि इथलीही गोष्ट त्यात अर्धीच सांगितलीय.

इथं एचएसए आणि एफएसए अशी दोन खाती असतात. पगारातले आपलेच पैसे कर कापायच्या आधी त्यात बाजूला ठेवायचे आणि औषधोपचाराला वापरायचे. गादीसारखी वस्तू एरवी त्या पैशातून घेता येत नाही. पण डॉक्टरनं अमुक आजारासाठी ही वस्तू गरजेची आहे असं पत्र दिलं तर चालू शकतं. लोक ज्या पत्राबद्दल बोलतात ते हे. यात विमा कंपनी एक डॉलर देत नाही. पैसे तुमचेच, फक्त त्यावरचा कर वाचतो.

खरा विमा इथंही साध्या गादीला नाहीच म्हणतो. 'ही सोयीची वस्तू आहे' एवढं एका ओळीत लिहून कागद परत. ६५ वर्षांवरच्यांसाठी सरकारी मेडिकेअर आहे. ते दवाखान्यासारखा वर-खाली होणारा पलंग आणि अंथरुणाला खिळलेल्याला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी विशेष गादी देतं. ठरलेली सुरुवातीची रक्कम पेशंटनं भरायची, पुढच्या मान्य खर्चाचे ८० टक्के ते देतं. तिथंही मुद्दा पाठीवरच्या जखमांचा आहे, कंबरदुखीसाठी नेहमीची गादी नाही.

आई लातूरला असते, तिनंही मला हेच विचारलं होतं. व्हिडिओ तिथपर्यंत पोचलाय म्हणजे!


लालपरी_वाहक (गंगाखेड)

मी बी हेच विचारणार व्हतो. आमची ड्युटी उभ्यानं. परभणी-गंगाखेड-परळी रस्ता ज्यानं केलाय त्याला कंबर काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. डायवरसाहेबाची तर लैच बेकार हालत. त्यांच्या शिटखाली त्यांनी गोणपाटाची घडी घातलीय, तीच त्यांची ऑर्थोपेडिक.

काका म्हणायलेत ते पटायलं. पर मग हप्ता भरून उपयोग काय ह्या दुखण्याला? पडलो-झडलो तरच का?


हप्तेवाले_काका (जालना)

वाहकदादा, खरं बोललात. कंबरदुखीचा ९९ टक्के खर्च ओपीडीतला असतो. डॉक्टरची फी, गोळ्या, एमआरआय, फिजिओ. आणि साधी मेडिक्लेम ओपीडी देतच नाही. (९९ हा माझा अंदाज, कुठल्या अहवालातला नाही.) काही पॉलिसीत ओपीडी वेगळी घेता येते, पण तिला वर्षाची मर्यादा असते आणि हप्ता त्या प्रमाणात वाढतो. गणित घालूनच घ्या.


फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

पैशांचं काका सांगतायत ते बरोबर आहे. पण मला त्या चिठ्ठीवरच्या शब्दाबद्दल बोलायचंय. 'कडक गादी'.

आपल्याकडे हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्याच्यापुढची पायरी म्हणजे 'फरशीवर झोपा'. माझ्याकडे आठवड्याला कुणीतरी येतंच, फरशीवर झोपून खांदा आणि खुबा दुखवून घेतलेलं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीचे ३१३ लोक, अर्ध्यांना कडक गादी, अर्ध्यांना मध्यम कडक, आणि कुणाला कुठली मिळालीय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. अंथरुणात पडल्यावरचा, उठतानाचा, आणि दिवसाच्या कामातली अडचणही. तेव्हा २८ हजारांची दगडासारखी गादी घेण्याआधी थांबा.

'ऑर्थोपेडिक' हे लेबल कंपनी आपलं आपण लावते. त्यासाठी डॉक्टरांची सही लागत नाही.

निवड करायची तर दुकानात पाच-दहा मिनिटं आडवं व्हा. लाजू नका, चपला काढा आणि झोपा. आधी उताणं. कंबरेखालून तळहात सहज आरपार जात असेल तर ती तुमच्यासाठी फार कडक. हात घालायलाच जागा नाही आणि ढुंगण खाली गेलंय, तर फार मऊ. मग कुशीवर. नवरा-बायकोच्या वजनात बराच फरक असेल तर दोघांनी मिळून झोपून बघा, दुकानदार हसला तरी.

आणि गादीनं कंबर बरी होत नाही. झोप बरी लागते, सकाळचा ताठरपणा कमी होतो, एवढंच. बाकी काम चालणं आणि व्यायामाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शिक्षण, व्यायाम, काही प्रकारचे हातांनी करायचे उपचार हे सुचवलंय. आणि कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) हे सरसकट देऊ नका असं म्हटलंय. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात आधी देतात.

एक मात्र लक्षात ठेवा. पायात जोर कमी झाला, मांडीच्या मधल्या भागात, शी-शूच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर गादी-बिदी सोडा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.


मायची_वाकळ (औसा)

ताई, तुमचा अभ्यास स्पेनचा. आमचे आजोबा उभा जन्म बाजेवर झोपले. सुंभाची बाज, मधी पार झोळ. ऐंशी पार केली, कंबर म्हणून कधी बोलले नाहीत.


फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

आजोबा दिवसभर काय करत होते, तेही सांगा ना. :)


मायची_वाकळ (औसा)

मोट हाकत होते. बरं, हरलो.

पण कापसाच्या गादीचं कुणी बोलतच नाही, त्याचं नवल वाटायलं. कापूस आपल्या मराठवाड्याचा, आणि आपण झोपायचं फोमवर! आमच्या घरात अजून कापसाचीच गादी. दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडे द्यायची, रुई पिंजून, नवी खोळ घालून परत. नव्या गादीच्या मानानं खर्च काहीच नाही. पिंजून आणलेली गादी पहिले काही महिने जरा फुगलेली असते, मग बसते, आणि माझ्या अनुभवानं तेव्हा ती ताई म्हणतात तशी मध्यम होते. फार दबली की परत पिंजायची. ऊन दाखवत राहायचं.

पूर्णाकाठदादा, तुमची सध्याची गादी कशी आहे ते लिहिलंच नाही तुम्ही.


पूर्णाकाठ (परभणी)

सध्याची लग्नातली. हसू नका. खाली लोखंडी पलंग, त्याच्या पट्ट्या मधे वाकल्यात. वर फोम, तो माझ्या बाजूला खोल गेलाय.


फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

मग आधी पलंग! वाकलेल्या पट्ट्यांवर कितीही भारी गादी टाका, तीही वाकणार. सुताराकडून मापाची प्लायची फळी कापून घ्या आणि गादीखाली घाला. पंधरा दिवस झोपून बघा, मग खरेदीचं ठरवा.


गादीघर_ऑफर

(हा प्रतिसाद जाहिरात असल्यामुळे काढला आहे. कृपया धाग्यावर फोन नंबर टाकू नयेत. — संचालक)


बिनधास्त_बार्शीनाका (बीड)

एवढं डोकं काय लावायचं? आमच्या ओळखीचा सर्जिकलवाला आहे. गादी घ्या, बिल तो 'सर्जिकल साहित्य' म्हणून करून देतो. आणि दवाखान्यात एक रात्र ॲडमिट व्हा, सलाईन लावून घ्या, २४ तास भरले की झालं. सगळं त्यात बसवता येतं. लोक करतात हो.


हप्तेवाले_काका (जालना)

लोक करतात आणि अडकतातही. हे वाचून कुणी खरंच करायला जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

एक. खोटं बिल म्हणजे फसवणूक. त्या एका गादीपायी कंपनी अख्खी पॉलिसी रद्द करू शकते, चौघांचीही, आणि भरलेले हप्ते गेले. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनी जुनी माहिती उकरून क्लेम नाकारू शकत नाही, असा नियम आहे. पूर्वी तो आठ वर्षांचा होता, २०२४ पासून पाच झाला. पण त्या नियमाला फसवणुकीचा अपवाद आहे. तिथं वर्षं मोजत नाहीत.

दोन. एक रात्र ॲडमिट होण्याची युक्ती कंपन्यांना तुमच्या-माझ्या आधीपासून माहिती आहे. सगळ्या पॉलिसींत एकसारखी छापलेली वगळणूक असते. चौथ्या क्रमांकाची म्हणजे केवळ तपासणी आणि निरीक्षणासाठीची भरती. पाचव्या क्रमांकाची म्हणजे विश्रांती आणि पुनर्वसनासाठीची. 'कंबर दुखते म्हणून भरती, एमआरआय केला, गोळ्या दिल्या, घरी सोडलं' हे केस पेपर वाचणारा माणूस सरळ चौथ्यात टाकतो.

बीडकर, राग मानू नका.


बिनधास्त_बार्शीनाका (बीड)

राग कसला. पण काका, कंपन्या खरे क्लेम तरी कुठं धड देतात? लोकांना युक्त्या शिकवल्या कुणी?


मांजराकाठचा (लातूर)

बीडकरांच्या या शेवटच्या प्रश्नावर माझं ऐका, कारण चौथ्या क्रमांकाचं भोगून झालंय.

मला खरंच उभं राहता येत नव्हतं. डावा पाय ओढला जायचा. इथल्या एका दवाखान्यात उचलून नेलं, शिरेतून वेदनाशामक दिलं, मग मणक्यात इंजेक्शन दिलं. चार दिवस होतो. कॅशलेस नाकारलं, बिल खिशातून भरलं, मग क्लेम टाकला. उत्तर काय? 'तपासणीसाठी भरती, क्रमांक चार.' कंपनीचं नाव लिहीत नाही.

नीट बघितलं तर घोळ डिस्चार्ज कार्डावर होता. डॉक्टरांच्या सहायकानं लिहिलं होतं, 'कंबरदुखी, एमआरआय केला, सुधारणा'. पाय ओढला जात होता, चालता येत नव्हतं, इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये दिलं, यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांना भेटलो. त्यांनी भरतीची गरज का पडली याचं पत्र दिलं, थिएटरची नोंद आणि औषधांचा तक्ता दिला. ते सगळं लावून कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवलं. ते हलले नाहीत. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. आपला मराठवाडा त्यांच्याकडेच येतो. फी नाही, वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओवर झाली, मला पुण्याला जावं लागलं नाही. पैसे मिळाले.

आणि गंमत बघा. कार्डावर डॉक्टरांनी 'सहा आठवडे फिजिओथेरपी' लिहिलं होतं म्हणून नंतरच्या फिजिओची बिलंही मिळाली. कंबरेचा पट्टा तेवढा कापला. ६८ च्या यादीतला.

गादी मीही घेतली, स्वतःच्या पैशानं. ती लावायचा विचार मनात आला नाही असं नाही.


हप्तेवाले_काका (जालना)

मांजराकाठचे यांनी अगदी नेमकं लिहिलंय. यात थोडी भर घालतो.

लोकपालांकडे जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे. तिनं नाकारली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर पुढं जाता येतं. कंपनीच्या अखेरच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. लोकपाल ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात, तेव्हा आपल्यासारख्यांचं कुठलंही प्रकरण त्यात मावतं. नियामकाचं 'बीमा भरोसा' नावाचं पोर्टलही आहे, फोन १५५२५५. पण साध्या गादीसाठी लोकपालांकडे जाऊ नका. करारातच नाही ते तेही देऊ शकत नाहीत.


पूर्णाकाठ (परभणी)

काका, त्या ६८ वस्तूंसाठी वेगळं काही घेता येतं असं ऐकलं. कन्झ्युमेबल की काय. त्यात गादी बसेल का?


हप्तेवाले_काका (जालना)

बरोबर ऐकलंय. बऱ्याच कंपन्या आता थोडा जास्त हप्ता घेऊन तो रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कलम, देतात. त्यात यादीतल्या वस्तू मिळतात, पण भरती असताना लागलेल्या आणि दवाखान्याच्या बिलात आलेल्या. म्हणजे मांजराकाठच्यांचा पट्टा मिळाला असता, दवाखान्यातल्या एअर बेडचं भाडं मिळालं असतं. दुकानातून आणलेली गादी मात्र नाही.

तरी रायडर घ्या, असंच सांगेन. ग्लोव्हज, मास्क, डायपर असं करत बिलातून मोठी रक्कम कापली जाते, हे कुणी भरती होईपर्यंत कळत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढ्या बचतीत तो कदाचित बसून जाईल.

आणि एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. चिडून ही पॉलिसी सोडू नका. नवी घेतली तर डिस्कच्या आजाराला बहुधा दोन वर्षं थांबावं लागेल. आणि तुमचा एमआरआय झालाय, म्हणजे तो आधीचाच आजार धरला जाईल. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे काढलेली वर्षं धरली जातात. मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी अर्ज टाका. फॉर्मवर एमआरआय लपवू नका.


वाळूजचा_फिटर

आमच्याकडे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहे, म्हणून मला या वादाचं जरा नवलच वाटलं. पगार २१ हजारांपर्यंत असला की लागू. आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. त्यात ओपीडी आहे, गोळ्या आहेत, फिजिओ आहे. मेडिक्लेम जे देत नाही ते सगळं. डॉक्टरनं रजा लिहिली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात. रांग मोठी असते, अर्धा दिवस जातो, ते सोडा. माझी कंबर त्याच फिजिओनं हलती केली.

गादी? विचारून बघितलं होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "उशी पण देऊ का?"


केजचे_गुरुजी

सगळं वाचलं. चांगली चर्चा आहे. फक्त एक आठवण करून देतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर दिसत नाहीत, आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्या बायका दिवसभर वाकून तोडतात, मोळी बांधतात, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवतात, आणि रात्री कोपीत जमिनीवर झोपतात. मुकादमाची उचल फेडायची असते, म्हणून दुखलं तरी सुट्टी नाही. त्यांच्या कंबरेसाठी आपल्याकडे एकच कागद आहे, रेशनकार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, आता सगळ्या रेशनकार्डांना. २०१२ साली ती वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा मराठवाड्यातला एकटा नांदेड जिल्हा त्यात होता. पण तीही भरती आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. रोजच्या दुखण्याला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मात्र जा म्हणावं लागतं, हाताला धरून न्यावं लागतं.


फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, घाटीत, म्हणजे आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात, अशा बायका मी बघितल्यात. व्यायामाचा कागद दिला की दुमडून कमरेला खोचतात आणि विचारतात, "बाई, हे करायचं कधी?" मला अजून उत्तर देता येत नाही.


लालपरी_वाहक (गंगाखेड)

गुरुजी, कोयत्यावाल्या लोकायला आमच्याच गाडीनं जाताना बघतो. तुमचं खरंय.

काका, एक इचारायचं राहिलं. माझी माय ६७ ची, तिची बी कंबर गेलीय. इमा काढलेला न्हाई, आता कुणी काढून देईना. तिला काही व्हईल का?


हप्तेवाले_काका (जालना)

होईल की. गादी नाही, पण मुख्यमंत्री वयोश्री योजना बघा. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणली. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहित्य घ्यायला ३,००० रुपये एकदा थेट खात्यावर मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा ब्रेस, कंबरेचा लंबर बेल्ट, मानेचा पट्टा असं त्या यादीत आहे. विमा कंपनी ज्या वस्तू कापते त्यातल्या बऱ्याच इथं दिसतील.


फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

वाहकदादा, पट्टा घेऊ नका. आईला उकिडवं बसून उठताना त्रास होत असेल ना? कमोड खुर्ची घ्या. रोज सकाळी कंबरेला आराम मिळेल.


लालपरी_वाहक (गंगाखेड)

ताई, नेमकं तेच हाय. उठताना भिंत धरती. कागद काय लागतील?


हप्तेवाले_काका (जालना)

आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि उत्पन्नाचं स्वघोषणापत्र. अर्ज परभणीच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. पैसे जमा झाल्यावर खुर्ची घेतल्याची पावती दाखवावी लागते, म्हणून दुकानातून पक्कं बिल मायच्या नावानं घ्या. खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आधी बँकेत तपासा. अडतं ते तिथंच.


पूर्णाकाठ (परभणी)

वाहकदादा, ते ऑफिस आमच्या पतसंस्थेपासून लांब नाही. परभणीला फेरी असेल तेव्हा फॉर्म आणून ठेवतो, स्टँडवर घ्या.

बाकी, प्लाय टाकली. सुताराचे आठशे गेले. फोम काढून टाकला, कापसाची जुनी गादी माळ्यावर होती, ती पिंजायला द्यायचीय. परभणीत यंत्रावर नीट पिंजून देणारं कुणी माहितीये का? नंबर इथं टाकू नका, संचालक उडवतील. व्यक्तिगत निरोपात कळवा.